इख

एप्रिलात जळक्या मोटरींचा दुकानात ढीग लागतो,
रात्रीच्या विजेवर चालून चालून खाक झालेल्या.
वार्निशच्या वासात, तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता
मी जर्मन शिकायला लागलो.
कारण सांगण्यासारखं नाही.
भंगारवाल्या रऊफभाईंनी बंद मिलचं एक यंत्र उचललं,
त्याच्यासोबत एक पुस्तक आलं, कापडी पुठ्ठ्याचं, तेल प्यालेलं.
म्हणाले, घेऊन जा, रद्दीतही कोणी घेत नाही.

शब्दकोश जळगावहून आणला, वीस रुपयांना.
‘एस’नंतरची पानं वाळवीने खाल्लेली.
म्हणजे त्या भाषेत माझ्यापुरतं
पाणी नव्हतं, दोन नव्हते, का नव्हतं.
‘आणि’सुद्धा नव्हतं, ते मी अंदाजाने भरत गेलो.

पहिलं वाक्य उलगडायला नऊ दिवस लागले :
‘आईला उजवीकडे फिरवून घट्ट आवळा.’
चार पानं पुढे :
‘आई सैल झाली असल्यास यंत्र ताबडतोब थांबवा.’
मी पाना हातात धरून बसून राहिलो.
नटलाही तिकडे आईच म्हणतात,
तो अर्थ कोशात डागाखाली होता,
दिसेपर्यंत दिवाळी आली.

उच्चार कोणाला विचारणार अमळनेरात?
‘मी’ला तिकडे काय म्हणतात ते
अक्षरांवरून माझं मीच ठरवलं : इख.
शटर ओढून घोकायचो, इख बिन, इख हाबं, इख, इख.
आतल्या खोलीतून माय ओरडायची,
‘इख इख काय करी ऱ्हायना रे? कोनी खादं इख?’
आमच्या अहिराणीत इख म्हणजे विष.
अकरा महिने मी स्वतःला विष म्हणत होतो
आणि व्याकरण बरोबर होतं.

मग कॉलेजात रविवारचा वर्ग निघाला.
सकाळची पॅसेंजर, टाकरखेडा, धरणगाव, पाळधी.
चौथ्या बाकावर एक्केचाळीस वर्षांचा मी,
भोवती नर्सिंगच्या पोरी,
दीड वर्षात तिकडच्या म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजायला निघालेल्या.
नेहेते मॅडमनी माझं ‘इख’ ऐकलं. हसल्या नाहीत.
म्हणाल्या, जीभ टाळूला लावू नका, नुसती जवळ न्या,
चहावर फुंकर घालतो तसं.
जवळपास ‘इश्श’.
तेजल कोळी खुदकन हसली,
आणि सगळा वर्ग लाजत लाजत ‘मी, मी’ म्हणू लागला.
माझा ‘मी’ अजून दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकतो.

त्यांची क्रियापदं मधेच तुटतात,
हे मात्र मला समजवावं लागलं नाही.
लहानपणी भुसावळला पाहिलंय :
गाडीचे चार डबे सोडवून बाजूला उभे करतात,
गाडी निघून जाते,
डब्यातली माणसं निवांत चहा पितात,
आपण कुठल्या गाडीचे ते त्यांना सगळ्यात शेवटी कळतं.
फळ्यावर डबे काढून दाखवले.
मोईन पिंजारीने शिट्टी वाजवली.

‘एस’नंतरची पानं वर्गात मिळाली.
पाणी मिळालं. आणि मिळालं.
‘वीअर’ म्हणजे आम्ही, मॅडम म्हणाल्या.
मी हात वर केला : आम्ही की आपण?
त्या खडू फिरवत राहिल्या.
त्यांच्यात एकच असतं, म्हणाल्या,
ऐकणारा आत की बाहेर, ते सांगत नाहीत.

तेजलचा व्हिसा आला त्या रविवारी तिने पेढे वाटले.
‘काका, तुम्ही कधी जाणार?’
मी म्हणालो, साडेपाचच्या गाडीने.

रात्री पुस्तक उघडून बसलो.
ते नटचं पान आलं.
ओठ गोल करून, मॅडम म्हणतात तसं,
मोठ्याने म्हटलं, ‘मुटर.’

आतून माय म्हणाली,
‘मोटर चालू शे का आजून?
टाकी भरी गयी व्हई, बंद कर.’

उठून पाहिलं.
गच्चीवरून पाणी खरंच वाहत होतं.